आठवड्यातले तीन दिवस

गेल्या पावसाळ्यात एका प्रयोगशाळेत नेमणुकीच्या मुलाखती होत्या आणि बाहेरची तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. जागा कनिष्ठ शास्त्रज्ञाची, काम रक्ताच्या कर्करोगातल्या गुणसूत्रांचं. जेवणानंतर एक बाई आत आल्या, चाळिशीच्या आसपासच्या. ओल्या छत्रीचं पाणी खोलीभर ठिबकू नये म्हणून त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. मी पडद्यावर एका पेशंटची गुणसूत्रं लावली. वरवर पाहता सगळं जागच्या जागी होतं, आधीच्या उमेदवारांनी ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिलं होतं. या बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “सोळावं बघा. मधला तुकडा उलटा बसलाय.” बरोबर होतं. हा उलटा तुकडा ज्याला दिसतो त्याची नजर तयार आहे असं आमच्या धंद्यात मानतात. तेवढ्यात अध्यक्षांनी अर्जाचं पान उलटलं आणि विचारलं, “ही मधली सात वर्षं?” बाई म्हणाल्या, मुलं लहान होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. “म्हणजे त्या काळात काम काहीच नाही.” बाई म्हणाल्या, “वाचत होते.” अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. मी वाद घातला, माझं वेगळं मत कागदावर नोंदलं गेलं आणि जागा दुसऱ्याला मिळाली.

परतीच्या लोकलमध्ये दाराशी पावसाचा मारा होता, बायका आत सरकून उभ्या होत्या. मला मात्र ती पिशवीतली छत्रीच दिसत होती. आणि त्या छत्रीच्या मागून, का कोण जाणे, जॅनेट राउली. सोळाव्या गुणसूत्रातला तो उलटा तुकडा आणि एका विशिष्ट ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं, नातं १९८३ मध्ये ज्यांनी जगापुढे मांडलं त्यांत राउली होत्या. त्या दुपारच्या मुलाखतीला त्या आल्या असत्या तर त्यांच्या अर्जातल्या मधल्या वर्षांचं काय झालं असतं, हा विचार घरी पोचेपर्यंत गेला नाही, नंतरही गेलेला नाही.

राउलींचा आयुष्यक्रम कागदावर मांडला तर निवड समितीला अजिबात आवडण्यासारखा नाही. जन्म १९२५चा, न्यूयॉर्कचा. हुशार इतक्या की पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन शिकागो विद्यापीठात दाखल झाल्या. पुढे वैद्यकीय शाखेत जायचं तर पासष्टांच्या वर्गात मुलींसाठी तीन जागा, आणि त्या भरलेल्या. नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पदवी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी डोनाल्ड राउली या वर्गमित्राशी लग्न केलं. मग एकामागून एक चार मुलगे. या काळात त्यांनी जे काही केलं ते अर्धवेळ केलं. दवाखान्यांत, मग १९५५पासून शिकागोतल्या एका केंद्रात, मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी. तिथे डाउन सिंड्रोमची मुलं रोज समोर असायची. १९५९ मध्ये पॅरिसहून बातमी आली की या मुलांच्या पेशीत एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. ज्या चेहऱ्यांना आपण रोज हात लावतो त्यांचं कारण कुणाला तरी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता आलं, हे त्यांच्या मनात कुठेतरी जाऊन बसलं असणार. हा माझा अंदाज आहे, पण मी स्वतः या कामात आले ती अशाच एका मुलीच्या चेहऱ्यामुळे, म्हणून करते.

१९६१ मध्ये नवऱ्याला ऑक्सफर्डला वर्षभर जायचं होतं. कुटुंब निघालं. तिथे नुसतं बसून राहण्यापेक्षा राउलींनी एका प्रयोगशाळेत जागा मिळवली आणि किरणोत्सारी खुणा लावून गुणसूत्रांची नक्कल कधी, कोणत्या क्रमानं होते ते पाहायला शिकल्या. वय छत्तीस. संशोधन नावाची गोष्ट त्यांच्या आयुष्यात खऱ्या अर्थानं इथे सुरू झाली. परत आल्यावर त्या लिऑन जेकबसन या रक्तविकारतज्ज्ञाकडे गेल्या. त्यांनी मागितलं ते इतकंच: एक सूक्ष्मदर्शक, एक डार्करूम, आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईला देता येईल एवढा पगार. काम आठवड्यातून तीन दिवस. नावावर एकही शोधनिबंध म्हणावा असा नाही. जेकबसन हो म्हणाले आणि वर्षाला ५,००० डॉलर ठरले.

पुढे जवळजवळ दहा वर्षं त्या पाहत राहिल्या. विशेष काही हाती लागलं नाही.

हे ‘पाहत राहणं’ म्हणजे काय ते मला हाताला माहीत आहे. मी शिकले तेव्हा संगणक आमच्या खोलीत आलेला नव्हता. हिरव्या टोपणाच्या नळीत पेशंटचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, यायचा. तो उबेत ठेवून पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या नेमक्या क्षणी औषध घालून त्यांना थांबवायचं, मग सौम्य खारट पाण्यात फुगवायचं. त्यानंतर मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड. त्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास केसांत इतका मुरायचा की घरी आल्यावर आई दारातूनच म्हणायची, आधी डोकं धू. स्लाइडवर उंचावरून थेंब सोडायचा, वर तोंडाची वाफ द्यायची, गुणसूत्रं पसरली तर दिवस चांगला. ट्रिप्सिन या विकरात काही सेकंद जास्त झाले की गुणसूत्रांवरचे पट्टे पुसट, कमी झाले की सगळं काळं. मे महिन्यातल्या दमट हवेत एक वेळ आणि जुलैत वेगळी, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मग फोटो काढायचे, डार्करूममध्ये धुवायचे, आणि कात्रीनं एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावून कार्डावर चिकटवायच्या. शेहेचाळीस तुकडे. कापाकापी चालू असताना पंखा बंद ठेवायचा, कारण एकविसावं आणि बाविसावं नखाच्या टोकाएवढी असतात आणि उडाली की टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधायची. घामाचे थेंब फोटोवर पडू नयेत म्हणून माझ्या वरिष्ठ बाई कपाळाला रुमाल बांधत. त्यांनी शिकवलेली गोष्ट अशी की आधी मोजू नकोस, आधी नुसतं बघ. चूक शोधायला बसलीस तर चूकच दिसेल.

आमच्या खोलीत सगळ्यांत जास्त ज्याची वाट पाहिली जायची ते म्हणजे आखूड झालेलं बाविसावं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटांत ते पहिल्यांदा दिसलं. गुणसूत्रं पाहण्याची पद्धत तेव्हा इतकी नवी होती की नोवेल यांनी पेशी साध्या नळाच्या पाण्यानं धुतल्या आणि त्यामुळेच त्या फुगून गुणसूत्रं नीट पसरली. एका कर्करोगात, पेशंटमागून पेशंट, तेच एक गुणसूत्र आखूड. एवढा स्पष्ट पुरावा असूनही मोठमोठ्या लोकांचं मत बदललं नाही. गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम आहे, पेशी बिथरली की सगळंच विस्कटतं, असं ते मानत. आणि बाविसाव्याचा तुकडा गळून पडला, हरवला, अशीच सर्वांची समजूत होती. करड्या रंगाच्या एकसारख्या काड्या पाहून दुसरं काही म्हणताही येत नव्हतं.

१९७०-७१ मध्ये राउली कुटुंब पुन्हा ऑक्सफर्डला गेलं. तोवर स्वीडनमध्ये टॉरब्यॉर्न कॅस्परसन यांनी क्विनाक्रीन नावाच्या रंगानं गुणसूत्रांवर चमकते पट्टे उमटवून दाखवले होते. प्रत्येक गुणसूत्राला आता स्वतःची ओळख होती. राउली ती पद्धत शिकून शिकागोला परतल्या आणि फ्रीझरमध्ये व फाइलींत जमलेल्या आपल्या जुन्या पेशंटांकडे नव्यानं वळल्या. क्विनाक्रीनची चमक दिव्याखाली भराभर विझते, म्हणून अंधारात फोटो काढून ठेवावे लागतात. ते फोटो त्या घरी घेऊन येत. जेवणाच्या टेबलावर पसरत, कापत, जोड्या लावत. मुलांना ताकीद असे की शिंकायचं नाही. आईला कागदाच्या बाहुल्या खेळायचा पगार मिळतो, असं मुलं चिडवत.

१९७२ मध्ये त्या टेबलावर पहिली गोष्ट दिसली ती तीव्र ल्युकेमियाच्या पेशंटांत: आठव्याचं टोक गायब आणि एकविसावं लांब. दोघांनी आपापले तुकडे बदलून घेतले होते. त्यानंतर क्रॉनिक मायलॉइडवाल्यांचे फोटो. आखूड बाविसावं तर होतंच, बारा वर्षांपासून सगळ्यांना माहीत असलेलं. पण नवव्याच्या खालच्या टोकाला काहीतरी जास्तीचं होतं. फिकट, न चमकणारं, सहज दुर्लक्ष व्हावं असं. दुसऱ्या पेशंटमध्येही तेच. तिसऱ्यात तेच. पेशंटच्या शरीरातल्या इतर, निरोगी पेशींत मात्र नववं ठाकठीक. बाविसाव्याचं जेवढं कमी होतं साधारण तेवढंच नवव्याला जास्त होतं. काहीही हरवलेलं नव्हतं, ते शेजारी जाऊन राहिलं होतं.

मी हा फिकट तुकडा आजवर असंख्य वेळा पाहिला आहे. मला कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तो दिसतो. सगळ्यांचे डोळे बाविसाव्यावर खिळलेले असताना नवव्याकडे जाणं, तेही त्याच्या सर्वांत निस्तेज टोकाकडे, याला काय लागत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बुद्धी लागते हे तर झालंच. पण बुद्धी असलेली माणसं त्या बारा वर्षांत कमी नव्हती. मला वाटतं, घाई नसणं लागतं. तीन दिवस काम करणाऱ्या या बाईंना कुठल्या शर्यतीत कुणी धरलंच नव्हतं. उरलेल्या दिवसांत, पोळ्या, शाळा, आजारपणं यांच्यामधून, ते फोटो डोक्यात असणारच. आपण एखादी गोष्ट डोळ्यांपुढून बाजूला ठेवून पुन्हा तिच्याकडे येतो तेव्हा ती जास्त दिसते. हे मी माझ्या अनुभवावरून लिहिते आहे.

दोन तुकड्यांच्या या अदलाबदलीचा निबंध १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. लगेच टाळ्या पडल्या नाहीत. अपवाद असेल, योगायोग असेल, असं म्हणणारे बरेच होते. राउली पुढच्या फोटोंकडे वळल्या. १९७७ मध्ये त्यांच्या गटाला आणखी एका ल्युकेमियात पंधरा आणि सतराची अदलाबदल सापडली. हा ल्युकेमिया इतका वेगवान की एके काळी निदान आणि मृत्यू यांच्यात काही दिवस जात. आज जीवनसत्त्व अ पासूनचं एक औषध आणि आर्सेनिक यांनी त्यातले बहुसंख्य पेशंट बरे होतात, आणि ते औषध नेमकं या अदलाबदलीतून जन्मलेल्या प्रथिनावर काम करतं. एका रोगाला एक अदलाबदल, दुसऱ्या रोगाला दुसरी. योगायोग म्हणणाऱ्यांची संख्या हळूहळू कमी होत गेली. वैद्यकातला लास्कर पुरस्कार १९९८चा, अमेरिकेच्या अध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक २००९चं. अखेरच्या वर्षांपर्यंत त्या प्रयोगशाळेत सायकलनं जात. २०१३च्या डिसेंबरमध्ये गेल्या, बीजांडकोशाच्या कर्करोगानं. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या टेबलापाशी बराच वेळ नुसती बसून होते.

पण जेवणाच्या टेबलाची ही गोष्ट ज्या गोड आवाजात सांगितली जाते त्याचा मला राग येतो. महिला दिनाच्या भाषणांत ती हमखास असते: बघा, घर सांभाळून, मुलं सांभाळून, जेवणाच्या टेबलावर केवढा शोध! ऐकणाऱ्या मुलींना त्यातून असं वाटतं की टेबल तर आपल्याकडेही आहे, मग कमी पडतो ते आपणच. त्या टेबलामागे काय काय उभं होतं ते कुणी सांगत नाही. स्वतः शास्त्रज्ञ असलेला नवरा होता. दोनदा वर्षवर्षभर ऑक्सफर्ड होतं. आणि मुख्य म्हणजे १९६२ मध्ये, तीन दिवसच येणार असं सांगणाऱ्या, हाती काहीही दाखवायला नसलेल्या सदतीस वर्षांच्या बाईला सूक्ष्मदर्शक देणारा माणूस होता, आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा खर्च हा संशोधनाचाच खर्च आहे हे मान्य केलेला पगार होता. दहा वर्षं फारसं काही न सापडूनही तो पगार बंद झाला नाही. यातलं एक जरी नसतं तरी टेबलावर फक्त ताटं असती.

आपल्याकडे हे कळलेली एक बाई होती. कमल रणदिवे. पुण्याच्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमधल्या. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली होती. मग मुंबई, डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाचं काम, उंदरांच्या वेगवेगळ्या जातींत स्तनाचा कर्करोग आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांच्या कोणत्या मेळातून होतो याचा शोध, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवण्याचं शिक्षण, आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचं संचालकपद. राउलींचा निबंध छापून आला त्याच १९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. रणदिवे तिच्या संस्थापकांपैकी. या संघटनेनं पुढे वाशीला ज्या गोष्टी उभ्या केल्या त्यांत नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आहे आणि पाळणाघर आहे. वैज्ञानिकांच्या संघटनेनं पाळणाघर काढावं याचं मला आता नवल वाटत नाही. कामाला काय लागतं हे त्या बायकांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते भाषणात न घालता विटा-सिमेंटात घातलं. हार्बर लाइनवर माझ्या समोर बसणाऱ्या कितीतरी मुली वाशीला उतरतात. त्यांच्यातली एखादी त्या वसतिगृहात जात असेल असं मनात येतं तेव्हा बरं वाटतं.

त्या फिकट तुकड्याचं पुढे काय झालं ते मी दर आठवड्याला ओपीडीच्या बाहेर बघते. १९८०च्या दशकात कळलं की नवव्यावरचा एक जनुक बाविसाव्यावर जाऊन तिथल्या दुसऱ्या जनुकाला जोडला जातो, आणि त्या जोडीतून असं प्रथिन तयार होतं जे पेशीला अखंड ‘वाढ, वाढ’ असंच सांगत राहतं. त्या प्रथिनाच्या खाचेत नेमकं बसेल असं रसायन तयार झालं, इमॅटिनिब. निक लायडन, ब्रायन ड्रूकर आणि त्यांचे सहकारी यांचं ते काम. २००१च्या मे महिन्यात अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या रोगात काही वर्षांत माणूस जायचा, त्यात रोज जेवणाबरोबर मोठा पेलाभर पाणी पिऊन एक गोळी घ्यायची आणि कामाला जायचं, असं झालं. आपल्याकडे प्रश्न पैशाचा होता. मूळ कंपनीच्या गोळ्या महिन्याला सुमारे १ लाख २० हजारांच्या, भारतीय कंपन्यांच्या आठ-दहा हजारांच्या. पेटंटचा खटला चेन्नईपासून दिल्लीपर्यंत वर्षानुवर्षं चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं. त्या दिवशी आमच्या खोलीत कुणीतरी पेढे आणले होते. शास्त्राच्या बातमीला पेढे यायचे, कोर्टाच्या बातमीला आलेले मी तेव्हाच पाहिले.

हे पेशंट ओळखू येतात. गोळीनं डोळ्यांभोवती थोडी सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून बाकावर बसल्या बसल्या पाय चोळत असतात. पण बसलेले असतात, डबा खात असतात, मुलाच्या लग्नाबद्दल बोलत असतात.

जालन्याकडचे एक शेतकरी अनेक वर्षांपासून येतात. परवा रिपोर्टच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, ते बिघडलेलं एकदा दाखवा की. रोज गोळी खातो ज्याच्यापायी, त्याला बघितलं नाही मी.” त्यांना आत घेतलं, निदान झालं तेव्हाची त्यांचीच पाटी पडद्यावर लावली. आखूड बाविसावं दाखवलं, नवव्याचं फिकट टोक दाखवलं. ते पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले. हे टोक सगळ्यांत आधी कुणी बघितलं, असं त्यांनी विचारलं. अमेरिकेतल्या एक बाई, मी सांगितलं, घरी जेवणाच्या टेबलावर फोटो कापून. चार मुलं होती त्यांना.

“मग लेकरं कोण पाहायचं?”

एक बाई ठेवली होती, म्हटलं, आणि तिचा खर्च निघेल एवढा पगार मागून घेतला होता. ते सरळ झाले. “माझी सून नर्स होती तालुक्याच्या दवाखान्यात,” ते म्हणाले, “दोन लेकरं झाली अन् घरी बसली. तिला सलाइन लावायला दिली तर सुई टोचलेली कळत नाही, मॅडम. मोठमोठ्या डॉक्टरांना माझी शीर सापडत नाही, तिला अंधारात सापडते.” मग त्यांचा नंबर पुकारला जाईपर्यंत ते सुनेबद्दलच बोलत होते: ती कुठल्या साली पास झाली, तिला किती मार्क होते, धाकटा आता अंगणवाडीत जातो, आणि आठवड्यातून तीन दिवस कुणी ठेवून घेईल का तिला, जालन्यात नाहीतर औरंगाबादला, माझ्या ओळखीत कुणी आहे का.